अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल : फुटलेल्या भागीदाऱ्या आणि कोर्टकचेऱ्या

धंद्यात भागीदारी सुरू करणे सोपे असते, ती मोडताना खरी कसोटी लागते. दुकानाच्या नावावर हक्क कोणाचा, येणे रक्कम कोणी वसूल करायची, गल्ल्यातली शिल्लक कोणाच्या वाट्याला जायची आणि जो बाहेर पडला त्याला उरलेल्यांच्या कारभारात बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हे प्रश्न पहिल्या दिवशी कोणी विचारीत नाही. तंटा झाल्यावर मात्र याच प्रश्नांवर वकिलांची घरे चालतात.

अमेरिकेत गेली काही वर्षे नेमका हाच तंटा मोठ्या प्रमाणावर चालू आहे आणि त्यातील भागीदार व्यापारी नाहीत, विद्यापीठे आहेत. त्यांचा माल आहे कॉलेज फुटबॉल. वरवर पाहता हा विषय क्रीडापानाचा वाटेल. परंतु करार, भागीदारी, दंडाची रक्कम, मक्तेदारी आणि कामगाराची मजुरी या व्यापाराच्या सर्व अंगांचा धडा त्यात एकाच ठिकाणी मिळतो. म्हणून वाचकांसाठी हा प्रकार थोडा सविस्तर मांडीत आहोत.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

प्रथम दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणतात तो आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर धाव घेत खेळायचा तो खेळ आहे. दुसरे असे की तेथे विद्यापीठाच्या संघाला व्यावसायिक संघाइतकाच प्रेक्षक मिळतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाच्या वर माणसे बसतात. एवढ्या गर्दीचा खेळ म्हटल्यावर त्यात पैसा आलाच.

देशभरातील कॉलेजच्या खेळांचे नियम एनसीएए ही संस्था करते. तिची स्थापना १९०६ साली झाली. परंतु फुटबॉलचा रोजचा कारभार 'कॉन्फरन्स' नावाच्या मंडळांकडे असतो. दहा-बारा शेजारची विद्यापीठे एकत्र येतात, आपसांत सामने ठरवतात, पंच नेमतात, विजेता ठरवतात आणि दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रित विकून आलेली रक्कम वाटून घेतात. पूर्वी ही मंडळे भूगोलावर बेतलेली असत. बसने जाऊन सामना खेळून रात्री परत येता यावे, एवढाच हिशेब होता. मंडळांची नावेही त्यावरूनच पडली : पॅसिफिक किनाऱ्याचे मंडळ, अटलांटिक किनाऱ्याचे मंडळ, आग्नेय भागाचे मंडळ.

आज 'बिग टेन' या मंडळात अठरा सभासद आहेत. 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये सोळा आहेत. 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' म्हणजे एसीसीत कॅलिफोर्नियाची दोन विद्यापीठे खेळतात आणि कॅलिफोर्निया तर दुसऱ्या महासागराच्या काठी आहे! पाटीवरचे नाव आणि दुकानातला माल यांचा मेळ राहिलेला नाही. असे का झाले, याचे उत्तर १९८४ सालच्या एका निकालात सापडते.

१९८४ : मक्तेदारी मोडली, बाजार उघडला

त्यापूर्वी दूरचित्रवाणीवर कोणता सामना दाखवायचा हे एनसीएए ठरवीत असे. एका संघाला दोन वर्षांत मिळून सहापेक्षा अधिक वेळा पडद्यावर येता येत नव्हते. फार सामने दाखवले तर मैदानात माणसे येणार नाहीत आणि लहान कॉलेजे मरतील, असे संस्थेचे म्हणणे होते. मोठ्या विद्यापीठांना ते मान्य नव्हते. आमचा माल, आमचे गिऱ्हाईक, मग भाव तुम्ही कोण ठरवणार, असा त्यांचा सवाल होता.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूने दावा दाखल झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, एनसीएएची ही योजना १८९० सालच्या मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याचा भंग करते. विरोधी मत देणारे एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः तरुणपणी नामांकित कॉलेज खेळाडू होते. शिक्षणसंस्थांना निव्वळ व्यापारी कंपन्यांचे माप लावू नये, असा त्यांचा रोख होता.

निकालाचा परिणाम असा झाला की हक्क विकण्याची मोकळीक विद्यापीठांना आणि त्यांच्या मंडळांना मिळाली. एकटे विकण्यापेक्षा जथ्याने विकले तर भाव चांगला येतो, हे कोणत्याही बागाईतदाराला सांगावे लागत नाही. तेव्हापासून कॉन्फरन्स ही खेळाची सोय न राहता विक्रीची पेढी झाली. ज्या पेढीत नामांकित संघ अधिक, तिला भाव अधिक. मग दुसऱ्या पेढीतील चांगले भागीदार फोडणे ओघानेच आले.

पहिला मोठा बळी गेला टेक्ससच्या साउथवेस्ट कॉन्फरन्सचा. आर्कान्सा विद्यापीठ आग्नेय मंडळात म्हणजे एसईसीत गेले. १९९६ साली टेक्सस, टेक्सस ए अँड एम, बेलर आणि टेक्सस टेक ही चार विद्यापीठे 'बिग एट'ला जाऊन मिळाली आणि 'बिग ट्वेल्व्ह' उभे राहिले. जुने मंडळ बंद पडले. उरलेल्यांना जो आसरा मिळाला तो त्यांनी घेतला.

फिर्यादीच जेव्हा पळून जातो

२००३ साली एसीसीने ईशान्येकडील 'बिग ईस्ट' मंडळातील सभासदांवर नजर टाकली. तेव्हा बिग ईस्टच्या पाच विद्यापीठांनी कनेक्टिकट राज्याच्या न्यायालयात दावा लावला. फिर्यादी होते कनेक्टिकट, पिट्सबर्ग, रटगर्स, व्हर्जिनिया टेक आणि वेस्ट व्हर्जिनिया. आमच्या भागीदारांना फूस लावून पेढी बुडवली जात आहे, अशी त्यांची तक्रार होती.

पुढे जे झाले ते उद्बोधक आहे. दावा चालू असतानाच एसीसीने व्हर्जिनिया टेकलाही आमंत्रण दिले. व्हर्जिनिया टेकने फिर्यादीतून आपले नाव काढून घेतले आणि ते विद्यापीठ २००४ साली मायामीसह एसीसीत दाखल झाले. बोस्टन कॉलेज २००५ मध्ये गेले. त्याच वर्षी सुमारे ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. आणि उरलेले फिर्यादी? वेस्ट व्हर्जिनिया २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्हला, पिट्सबर्ग २०१३ मध्ये त्याच एसीसीला आणि रटगर्स २०१४ मध्ये बिग टेनला जाऊन मिळाले. ज्या वागण्याविरुद्ध सर्वांनी मिळून फिर्याद केली, ते वागणे एक कनेक्टिकट सोडून प्रत्येकाने संधी मिळताच केले.

दंड वाढवा, कुलूप लावा

भागीदार निष्ठेने राहत नाहीत हे कळल्यावर मंडळांनी करारात दोन प्रकारची कुलपे घातली.

पहिले कुलूप म्हणजे बाहेर पडण्याची रक्कम आणि नोटिशीची मुदत. बिग ईस्टची मुदत २७ महिन्यांची होती. वेस्ट व्हर्जिनियाला एवढे थांबायचे नव्हते. त्याने २०११ मध्ये आपल्या राज्यात दावा लावला, मंडळाने ऱ्होड आयलंड राज्यात उलट दावा लावला आणि २०१२ च्या फेब्रुवारीत २ कोटी डॉलरवर प्रकरण मिटले. मेरिलंड विद्यापीठ २०१२ मध्ये एसीसी सोडून बिग टेनकडे निघाले, तेव्हा एसीसीने ५ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम मागितली आणि मेरिलंडच्या वाटणीचे पैसे अडवून ठेवले. २०१४ साली तडजोड झाली. अडवलेल्या रकमेतील सुमारे ३ कोटी १४ लाख डॉलर मंडळाने ठेवून घेतले, मेरिलंडला गाठीचे काढून द्यावे लागले नाही. यातून एक गोष्ट लक्षात येते. कागदावरचा दंड आणि प्रत्यक्ष वसूल होणारा दंड यांत फरक असतो. पण पैसा ज्याच्या हातात आहे त्याची बाजू तडजोडीत भक्कम राहते.

दुसरे कुलूप अधिक मजबूत आहे. त्याला 'ग्रँट ऑफ राइट्स' म्हणतात. आपण त्यास हक्कसमर्पण पत्र म्हणू. या पत्राने विद्यापीठ आपल्या मैदानावरील सामन्यांचे प्रक्षेपणहक्क ठराविक मुदतीपर्यंत मंडळाच्या नावे करून देते. विद्यापीठ मंडळ सोडून गेले तरी हक्क मागेच राहतात. मग नव्या मंडळाने अशा संघाला घ्यायचे कशासाठी? जमीन गहाण टाकलेल्या शेतकऱ्याला शेत विकता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. एसीसीच्या सभासदांनी असे पत्र २०१३ मध्ये लिहून दिले आणि २०१६ मध्ये त्याची मुदत २०३६ पर्यंत वाढवली. त्या वेळी सर्वांना ते सुरक्षित वाटले. परंतु पुढे इतर मंडळांचे भाव चढत गेले आणि एसीसीचे सभासद जुन्या भावाला बांधलेले राहिले. लांब मुदतीचा करार मंदीत आधार देतो आणि तेजीत गळफास होतो.

२०२१ ते २०२३ : एका मंडळाचा अंत

जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीत जाण्याचे जाहीर केले. बिग ट्वेल्व्हने ईएसपीएन या वाहिनीला कायदेशीर नोटीस पाठवून, आमचे मंडळ फोडण्याच्या कामी तुमचा हात आहे, असा आरोप केला. वाहिनीने तो नाकारला. शेवटी २०२३ मध्ये दोघांनी मिळून १० कोटी डॉलरवर पाणी सोडण्याचे ठरले आणि ते २०२४ मध्ये, मुदतीच्या एक वर्ष आधी, मोकळे झाले.

३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही दोन विद्यापीठे पॅसिफिक किनाऱ्याचे 'पॅक-१२' मंडळ सोडून बिग टेनकडे निघाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला. पॅक-१२ चा स्वतःचा करार २०२४ मध्ये संपत होता आणि लॉस एंजेलिसची बाजारपेठ हातची गेल्यावर चांगला गिऱ्हाईक मिळेना. ऑगस्ट २०२३ च्या आरंभी ॲपल कंपनीचा प्रस्ताव सभासदांपुढे ठेवण्यात आला. त्यात वर्गणीदार किती मिळतील यावर उत्पन्नाचा मोठा भाग अवलंबून होता. तीनच दिवसांनी, ४ ऑगस्टला, मंडळ कोसळले. कोलोराडो आधीच गेले होते. त्या दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग ट्वेल्व्हला गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलेचे कॅलिफोर्निया विद्यापीठ एसीसीने घेतले. १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या मंडळातील बारांपैकी दहा गेले, दोन उरले.

ही दोन म्हणजे कॉर्व्हालिस गावचे ऑरेगन स्टेट आणि पुलमन गावचे वॉशिंग्टन स्टेट. शेतीशिक्षणासाठी सरकारी जमिनीच्या आधारावर स्थापन झालेली, मोठ्या शहरापासून दूर असलेली ही विद्यापीठे आहेत. मैदानावर त्यांचे संघ कमजोर नव्हते. पण दूरचित्रवाणीला घरे मोजायची असतात आणि लहान गावात घरे थोडी. म्हणून त्यांना कोणी बोलावले नाही.

गल्ला कोणाचा?

आता कायद्याचा खरा पेच पुढे आला. मंडळाकडे जमा रक्कम होती, येणे होते, नाव होते, पुढील वर्षांचा काही नफाही येणार होता. जाणारे दहा म्हणत होते, आम्ही अजून एक हंगाम येथेच खेळणार आहोत, तेव्हा संचालक मंडळात आमचे मत आहे. त्यांचे बहुमत उघड होते. त्या बहुमताने मंडळ विसर्जित करून सर्व शिल्लक बारा जणांत वाटून घेता आली असती आणि मागे राहिलेल्या दोघांना मोकळ्या हाताने दुकान बंद करावे लागले असते.

दोघांनी ८ सप्टेंबर २०२३ रोजी वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात धाव घेतली. त्यांचा आधार होता मंडळाच्या घटनेतील एक कलम. १ ऑगस्ट २०२४ पूर्वी बाहेर पडण्याची सूचना देणाऱ्या सभासदाचे संचालक मंडळावरील स्थान संपते, असा त्याचा अर्थ ते लावत होते. प्रतिपक्षाचे म्हणणे होते की प्रत्यक्ष मुदतीपूर्वी निघून गेला तरच कलम लागू होते, नुसते जाहीर केल्याने नव्हे. परंतु २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए यांनी जाण्याचे जाहीर करताच याच मंडळाने त्यांना संचालक मंडळातून दूर केले होते. २०२३ मध्ये कोलोराडोलाही तोच नियम लावला होता. तीन सभासदांना लावलेला नियम बाकीच्यांना का लागू नये?

न्यायाधीश गॅरी लिबी यांनी प्रथम तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि १४ नोव्हेंबरला अंतरिम हुकुमाने कारभार दोघांच्या हाती सोपवला. मात्र जाणाऱ्यांना चालू वर्षात अन्यायाने वागवू नये, अशी ताकीदही दिली. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये या हुकुमात हात घालण्यास नकार दिला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. दहा जणांनी वाटणीतील काही रक्कम सोडली, मंडळाची मालमत्ता, नाव आणि पुढील येणे या दोघांकडे राहिले.

व्यापाऱ्याने या प्रकरणातील एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. घटनेतील एक ओळ आणि पूर्वी त्या ओळीप्रमाणे प्रत्यक्ष केलेला कारभार, या दोन्हींच्या जोरावर दोघांनी दहा जणांना थोपवले. करारातील शब्द संदिग्ध असेल तेव्हा आजवर आपण कसे वागलो, याला न्यायालयात वजन असते.

गोष्टीला पुढे आणखी एक वळण आहे. एकाकी पडलेल्या या दोघांनी २०२४ च्या हंगामासाठी शेजारच्या 'माउंटन वेस्ट' मंडळाशी सामन्यांचा करार केला. आमचा सभासद फोडलात तर पहिल्यासाठी १ कोटी डॉलर आणि पुढील प्रत्येकासाठी त्यात ५ लाखांची वाढ, असे कलम त्या मंडळाने घातले होते. नड मोठी होती, दोघांनी सही केली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी याच मंडळातील पाच विद्यापीठांना आपल्याकडे ओढले. दंड झाला ५ कोटी ५० लाख डॉलर. तेव्हा पॅक-१२ ने न्यायालयात जाऊन हे कलमच मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध असल्याचा दावा केला. काल ज्यांचे घर फुटले ते आज दुसऱ्याच्या घराची विटा-कौले काढत होते. त्यांना दुसरा मार्गही नव्हता, कारण मंडळ टिकवायचे तर २०२६ पर्यंत आठ सभासद जमवणे एनसीएएच्या नियमाने भाग होते.

एसीसीचा तंटा

तिकडे एसीसीत फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ २०३६ पर्यंतच्या हक्कसमर्पण पत्राने घुसमटत होते. बाहेर पडायचे तर एकंदर ५७ कोटी २० लाख डॉलरचा फटका बसेल, असा हिशेब त्याने मांडला. विद्यापीठ २२ डिसेंबर २०२३ रोजी फ्लोरिडात दावा दाखल करणार हे कळताच एसीसीने आदल्या दिवशी नॉर्थ कॅरोलिनात स्वतःचा दावा दाखल केला. आपल्या घरच्या न्यायालयात आधी पोचण्याची ही शर्यत होती. पुढे क्लेमसन विद्यापीठाने मार्च २०२४ मध्ये साउथ कॅरोलिनात तिसरी आघाडी उघडली. वाहिनीशी झालेला मूळ करार गुप्त ठेवण्यात आला होता. तो जनतेला पाहता यावा म्हणून फ्लोरिडाच्या महाधिवक्त्यांना वेगळा दावा करावा लागला. सरकारी विद्यापीठाच्या हक्कांचा करार जनतेने पाहू नये, हा प्रकार विचार करण्यासारखा आहे.

मार्च २०२५ मध्ये सर्व दावे मिटले. यापुढे उत्पन्नाचा एक मोठा हिस्सा, ज्याचे सामने अधिक लोक पाहतात त्याला अधिक, या मापाने वाटला जाईल. बाहेर पडण्याची रक्कम २०२५-२६ मध्ये १६ कोटी ५० लाख डॉलर ठरली असून ती दरवर्षी कमी होत २०३०-३१ पर्यंत ७ कोटी ५० लाखांवर येईल. म्हणजे समान वाटणीचे जुने तत्त्व गेले आणि बाहेरच्या दाराला भावाची पाटी लागली.

दाराबाहेर उभे राहणाऱ्यांनी किती किंमत मोजली तेही पाहा. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने २०२४ मध्ये एसीसीत प्रवेश मिळवताना नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाटा घेणार नाही, हे कबूल केले. स्टॅनफर्ड आणि बर्कले यांनी अपुरा वाटा स्वीकारला. बर्कलेचे नुकसान भरून काढण्यासाठी, त्याच सरकारी विद्यापीठ-समूहातील यूसीएलएने वर्षाला १ कोटी डॉलर तीन वर्षे द्यावेत, असे त्यांच्या सामायिक नियामक मंडळाने २०२४ मध्ये ठरवले.

खेळाडूंची भरती : माल की मजूर?

आतापर्यंत ज्यांच्या खेळावर हा पैसा उभा राहिला, त्या मुलांचा उल्लेख आला नाही. अनेक वर्षे करारांतही तो येत नव्हता. खेळाडूला शिष्यवृत्ती मिळे, पगार मिळत नसे. १९६४ पासून शाळेतील मुलाकडून एका पत्रावर सही घेतली जाई. नंतर त्याने मन बदलले तर त्याला दंड म्हणून खेळाच्या हक्कावर पाणी सोडावे लागे. कॉलेज बदलले तर फुटबॉलपटूला एक वर्ष बाहेर बसावे लागे. त्याला घरी येऊन भरती करणारा प्रशिक्षक मात्र दुसऱ्या दिवशी दुप्पट पगारावर दुसरीकडे जाऊ शकत होता. विद्यापीठही मंडळ बदलू शकत होते. बांधलेला होता तो फक्त मुलगा.

नियम मोडणाऱ्याला शिक्षाही कडक होती. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल वर सांगितलेल्या एसएमयूचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द करण्यात आला होता. पुढच्या वर्षीही त्याला संघ उतरवता आला नाही.

हा बांध न्यायालयांनी एकामागून एक फोडला. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देऊन पैसे घेण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदलण्याची सूट मिळाली, २०२४ पासून संख्येची मर्यादाही गेली. त्याच साली ते सहीचे पत्र बंद झाले. टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांनी जानेवारी २०२४ मध्ये दावा करून, भरतीच्या वेळी मुलाला रकमेची बोलणी करू न देणारा नियम स्थगित करवून घेतला.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी हाउस खटल्यातील तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे आणि प्रत्येक विद्यापीठाने २०२५-२६ मध्ये २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट द्यायला हरकत नाही, असे ठरले. ज्या कृत्यासाठी एसएमयूचा संघ बंद झाला होता, तेच कृत्य आता नियमात बसले. याच तडजोडीत संघातील जागांवर १०५ ची मर्यादा आली, तेव्हा शिष्यवृत्तीविना नुसत्या हौसेने खेळणाऱ्या मुलांवर गदा येऊ लागली. न्यायाधीशांनी मंजुरी रोखून धरली आणि अशा मुलांना संरक्षण देणारी दुरुस्ती करवून घेतली.

पैसा उघड झाला तसे तंटेही उघड झाले. मे २०२४ मध्ये एका तरुण खेळाडूने फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रशिक्षकावर आणि इतरांवर दावा केला. १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचे आश्वासन देऊन आपल्याला दुसऱ्या कॉलेजकडून वळवले आणि पैसे दिले नाहीत, अशी त्याची तक्रार होती. जून २०२५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने मायामी विद्यापीठावर, आमच्याशी करारबद्ध खेळाडूला फितवले म्हणून दावा लावला. २००३ मध्ये जी तक्रार एका मंडळाची दुसऱ्याविरुद्ध होती, तीच आता एका विद्यापीठाची दुसऱ्याविरुद्ध झाली आहे.

नुकसान कोणाचे?

या उलाढालीत पैसा वाढला हे खरे. एकट्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेच्या हक्कांसाठी ईएसपीएन २०२६ पासून वर्षाला १३० कोटी डॉलर देणार, असा करार २०२४ मध्ये झाला. परंतु मंडळ फुटबॉलसाठी बदलले की बहुतेक वेळा विद्यापीठाचे सर्वच खेळ त्याबरोबर जातात. लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीला आता न्यू जर्सीपर्यंत, सुमारे चार हजार किलोमीटर, विमानाने जावे लागते आणि परत येऊन वर्गात बसावे लागते. तिच्या खेळासाठी कोणत्याही वाहिनीने ७०० कोटी मोजलेले नाहीत. पुलमनसारख्या गावात सामन्याच्या दिवशी हॉटेल, खाणावळ आणि दुकाने यांची जी कमाई होते, तीही कोणता संघ पाहुणा म्हणून येतो यावर अवलंबून असते.

आपण काय घ्यावे?

भारतीय कायदा वेगळा असला तरी काही गोष्टी सगळीकडे सारख्या आहेत. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यातील कलम ३२ प्रमाणे भागीदार सर्वांच्या संमतीने, करारात लिहिल्याप्रमाणे किंवा मुदत न ठरलेल्या भागीदारीत नोटीस देऊन निवृत्त होऊ शकतो. तेव्हा निवृत्तीची रीत, नोटिशीची मुदत आणि नोटीस दिल्यानंतर मताचा हक्क राहतो की जातो, हे भागीदारीपत्रात स्वच्छ लिहावे. पॅक-१२ चा सारा खटला एवढ्याच मुद्द्यावर लढला गेला.

दंडाचा आकडा मोठा लिहिला म्हणजे भागीदार बांधला गेला, असे मानू नये. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ खाली न्यायालय, लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत, वाजवी तेवढीच भरपाई देते. अमेरिकेतही बहुतेक प्रकरणे कागदावरच्या आकड्याच्या खालीच मिटली. दीर्घ मुदतीच्या करारात ठराविक वर्षांनी भावाचा फेरविचार करण्याची सोय ठेवावी. एसीसीने ती ठेवली असती तर तीन राज्यांत वकील उभे करावे लागले नसते. आणि नडीच्या वेळी सही करताना आपली नड संपल्यावर ते कलम कसे वाटेल, याचा विचार आधी करावा.

शेवटी एक. सभासद गेले, दंड भरले, तडजोडी झाल्या, तरी एकाही न्यायालयाने जाऊ इच्छिणाऱ्याला कायमचे धरून ठेवले नाही. न्यायालयाला हिशेब करता येतो, हुकूम देऊन मन जुळवता येत नाही. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांना न्यायालयाने मालमत्ता मिळवून दिली, भागीदार मात्र त्यांना पुन्हा एकेक करून स्वतःच शोधावे लागले.